पान एकसष्टवरचं पाच

बाई मुळात भूगोलाच्या. वीस वर्षं त्यांनी वारे, समुद्रप्रवाह, पठारं आणि खनिजं शिकवली. पुस्तकात न बघता फळ्यावर नकाशा काढायच्या आणि तो इतका बरोबर यायचा, की इन्स्पेक्टरने एकदा पट्टी लावून बघितला होता. मग भूगोल घेणारी मुलं कमी होत गेली, वरून एक कागद आला आणि त्या कागदाने बाईंना 'अतिरिक्त' ठरवलं.

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अतिरिक्त म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे उरलेली," यजमान म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांना घरात कुणी चहा विचारला नाही.

हेडसरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "तुमची नोकरी वाचवायची एकच वाट आहे. कॉम्प्युटर."

"सर, मला तो सुरूसुद्धा करता येत नाही."

"बटण दाबलं की होतो सुरू. मी बघितलंय."

शाळेला अकरा कॉम्प्युटर मिळून दीड वर्ष झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत ते प्लास्टिकची आवरणं घालून रांगेत बसले होते. विद्यापीठात जाण्याआधीच्या दोन वर्षांसाठी कॉम्प्युटर हा नवा विषय मंजूर झाला होता, पुस्तक छापून आलं होतं, वेळापत्रकात तासही होते. फक्त शिकवणारं माणूस नव्हतं. ते आता मिळालं.

ती सगळी सुट्टी बाईंनी एका कॉम्प्युटर क्लासात काढली. शेजारच्या खुर्च्यांवर त्यांच्या निम्म्याहूनही कमी वयाची पोरं. माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की बाई त्याच्याबरोबर उठून उभ्या राहायच्या. शिकवणारी मुलगी दर वेळी सांगायची, "काकू, उचला आणि मागे ठेवा." बाई मनात म्हणायच्या, वीस वर्षं मी लोकांना जग दाखवलं आणि आता मला उंदीर उचलायला शिकवतायत. पण त्या शिकल्या. चिडत, पुटपुटत, दोनदा रडत, पण शिकल्या. आणि खरं सांगायचं तर प्रोग्रॅम लिहिणं त्यांना आवडलं. आपण सांगू तेच करायचं, एक अक्षर जास्त नाही की कमी नाही, असं वागणारं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं.

शाळा सुरू झाली तेव्हा बाई मुलांच्या एक धडा पुढे होत्या. काही आठवडे एक पान.

त्रास मुलांचा नव्हताच. त्रास बाकीच्यांचा होता. शाळेत जे जे म्हणून वायरीला जोडलेलं, ते ते बाईंचं झालं. घंटा वाजेना, बोलवा बाईंना. शिक्षकांच्या खोलीतला पंखा घरघरतोय, बाई जरा बघता का? इतिहासाचे सर रोज मधल्या सुट्टीत मोबाईल पुढे करायचे आणि म्हणायचे, "हा आपोआप फोटो काढतो." बाई त्यांना समजावून सांगायच्या की तो आपोआप काढत नाही, तुमचा अंगठा लागतो. सर म्हणायचे, "पण मी लावत नाही." वर्गाच्या याद्या टाईप करायच्या, निकालपत्रकं जुळवायची, संमेलनाच्या पाट्या छापायच्या, सगळं बाईंच्या गळ्यात. हेडसरांनी तर एकदा तास चालू असताना शिपायाला पाठवून विचारलं होतं, ऑफिसातला फोन एंगेज का लागतो.

आणि ती आवरणं! तास संपला की हेडसर जातीने येऊन बघायचे, अकराच्या अकरा आवरणं चढली का. अकरांतले चालू सात. तेही सातवा धरला तर. तो कुशीत एक फटका दिल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. सव्वीस मुलं आणि सात कॉम्प्युटर. एका मशीनपुढे तीन-चार जण कोंबून बसायचे. एकाच्या हातात कळफलक, एकाच्या हातात माऊस, आणि उरलेले सल्ला देणार. मुलांना प्रत्यक्ष करायला मिळायचा आठवड्यातून एक तास. बाकी सगळं वहीत. प्रोग्रॅम वहीत लिहायचा, त्याचं उत्तरही वहीतच लिहायचं, आणि परीक्षेत दोन्ही जसंच्या तसं उतरवायचं. पोहणं कोरड्या जमिनीवर शिकवतोय आपण, असं बाई घरी म्हणायच्या. यजमान म्हणायचे, "निदान कुणी बुडत नाही."

तिसऱ्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. आई सरकारी दवाखान्यात नर्स, वडील लहानपणीच गेलेले. मुलगी हुशार, पण शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव निघालं की सगळे मान हलवायचे. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं. इतिहासाच्या सरांनी तिला 'पणकर' हे आडनाव देऊन टाकलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा हजेरीपटावरही तेच लिहिलं गेलं.

"पण बाई, हा धडा प्रश्नोत्तरांसाठी आहे की समजण्यासाठी?"

"पण बाई, कॉम्प्युटरचे चार भाग पाठ केले तर आपल्याला काय येतं?"

बाईंचं डोकं उठायचं. कारण हेच प्रश्न त्यांनाही पडायचे, आणि पंचेचाळीस मिनिटांत ते विचारून कुणाचं भलं होणार नव्हतं. "अगं, आधी लिहून घे," त्या म्हणायच्या.

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि एका बुधवारी, प्रत्यक्ष करायच्या तासाला, एकसष्टाव्या पानावरचा प्रोग्रॅम आला. अगदी साधा. आकडा एकपासून सुरू कर. आकडा पाचपेक्षा लहान आहे तोवर 'हजर' असा शब्द छाप, आणि दर वेळी आकडा एकाने वाढव. खाली पुस्तकात चौकटीत उत्तर: 'हजर' हा शब्द पाच वेळा छापला जातो. बाईंनी दोन वर्षं हेच सांगितलं होतं, वहीत घालून दिलं होतं, त्यावर बरोबरच्या खुणाही केल्या होत्या. वेळेअभावी हा प्रोग्रॅम आजवर कुणी मशीनवर चालवला मात्र नव्हता.

"पण बाई, इथे चारच आले."

"काय चार?"

"हजर. चार वेळाच आलं."

बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एकाखाली एक चार 'हजर' होते. बाईंनी पुस्तक बघितलं. पाच. पडदा बघितला. चार.

"मशीन बिघडलं असेल," बाई म्हणाल्या. "हे नेहमीचंच त्याचं. फटका द्यावा लागतो ते हेच ना?"

"नाही बाई, ते तिकडचं. हे चांगलं आहे."

"मग दुसऱ्यावर करून बघा."

दुसऱ्यावर केलं. चार. तिसऱ्यावर केलं. चार. सातही मशीनवर चार-चार 'हजर' झळकले आणि सव्वीस मुलं मान वळवून बाईंकडे बघायला लागली. तेवढ्यात घंटा झाली. एवढी वेळेवर ती घंटा त्या वर्षात एकदाच झाली असेल.

मुलं गेल्यावर बाई तिथेच बसल्या. पेन्सिल घेतली आणि पुस्तकाच्या समासात लिहायला लागल्या. एक, पाचपेक्षा लहान आहे, छाप. दोन, छाप. तीन, छाप. चार, छाप. पाच. पाच हा पाचपेक्षा लहान आहे का? नाही. थांब.

चार. अर्थातच चार. पहिलीतल्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. बाईंचे कान तापले. पुस्तक चुकलं ते चुकलं, पण आपण कधी मोजून बघितलंच नाही. दोन वर्षांत बासष्ट मुलांना आपण पाच शिकवलं. आणि वर मशीनला बिघडलेलं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात गेल्या, पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "पान एकसष्ट काढा. पेन घ्या. पाच खोडा आणि चार करा. पुस्तक चुकलंय. दोन वर्षं मीही चुकले."

शिक्षक असं बोलतात याची मुलांना सवय नव्हती. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण परीक्षेत आलं तर काय लिहायचं? पुस्तकातलं की खरं?"

असा प्रश्न पडावा यातच सगळं आलं. मग त्या म्हणाल्या, "खरं."

त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तक काढणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. पान, ओळ, चूक, दुरुस्ती, सगळं नीट. उत्तर नाही. महिन्याने दुसरं लिहिलं. त्याला पोच आली, की आपलं पत्र योग्य विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. बाईंनी ती पोच यजमानांना दाखवली. ते म्हणाले, "झालं तर मग काम." बाई म्हणाल्या, "तुम्हाला सरकारी कागदाचं एवढं कौतुक, तुम्हीच जाऊन बसा तिकडे."

परीक्षेला तोच प्रश्न आला. सहावा प्रश्न, आ उपप्रश्न, तीन गुण: पुढील प्रोग्रॅममध्ये 'हजर' हा शब्द किती वेळा छापला जाईल?

पेपर सुटल्यावर बाई फाटकाशी उभ्या होत्या. मुलं बाहेर येत होती आणि एकेक जण नजर चुकवत होतं.

"काय लिहिलंस?"

"पाच, बाई."

"अरे, खोडून घेतलं होतं ना?"

"हो बाई. पण आमच्या क्लासचे सर म्हणाले, तपासणारा पुस्तक बघूनच तपासतो. उगाच शहाणपणा करू नका."

पंचवीस जणांनी पाच लिहिलं होतं. पणकर शेवटी आली. तिला विचारायची गरज नव्हती. "चार," ती स्वतःहून म्हणाली आणि हसली.

निकाल लागला. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात जायला या विषयात शंभरापैकी पंच्याऐंशी लागायचे. पणकरला त्र्याऐंशी पडले. तिने अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन आईबरोबर शाळेत आली. सहावा प्रश्न, आ. तिच्या स्वच्छ अक्षरातलं 'चार', त्याखाली तिने मांडलेले टप्पे, आणि त्या सगळ्यावर लाल रेघ. समासात शून्य.

"तुम्ही म्हणालात म्हणून," मुलगी म्हणाली. या वेळी वाक्याच्या सुरुवातीला 'पण' नव्हतं. "बाकी सगळ्यांना कळलं काय लिहायचं ते. क्लासच्या सरांना कळलं. तुम्हालाच कसं कळलं नाही?"

"अगं, मी चुकीचं सांगायला हवं होतं का?"

"मला माहीत नाही. मला फक्त तिथे जायचं होतं."

आई ड्युटीवरून थेट आली होती, पायात अजून पांढरे बूट होते. ती म्हणाली, "बाई, खरं लिहिल्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याचा भुर्दंड माझ्या एकटीच्याच लेकीने का भरायचा, एवढं सांगा."

बाईंनी ती झेरॉक्स मागून घेतली.

पुढचे अठरा दिवस बाईंनी खेटे घालण्यात काढले. पुस्तकाची कचेरी एका इमारतीत, परीक्षेची दुसऱ्या, मध्ये वीस मिनिटांचं चालणं. पुस्तकवाले म्हणाले, "चूक असेलही. पण गुणांचं आम्ही बघत नाही. परीक्षेकडे जा." परीक्षावाले म्हणाले, "आम्ही पुस्तकाप्रमाणे तपासतो. पुस्तकात चार करून आणा, आम्ही चार धरू." बाई पुन्हा पुस्तकवाल्यांकडे. "नवीन आवृत्ती निघाली की करू." "कधी निघेल?" "जुन्या प्रती संपल्या की." "कधी संपतील?" त्या माणसाने भिंतीला लागून रचलेल्या गठ्ठ्यांकडे हात केला. गठ्ठे छताला टेकले होते.

घरी आल्यावर बाई पर्स खुर्चीत आदळायच्या. सासूबाई म्हणायच्या, "तीन मार्कांसाठी एवढं?" बाई म्हणायच्या, "तीन मार्कांसाठी नाही हो, चारासाठी!" मग सासूबाईंना वाटायचं की मार्क चार आहेत, आणि ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं. चौथ्यांदा सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढं मला कळलं, त्यांना कसं कळत नाही?" त्या सगळ्या दिवसांत बाईंना एवढाच एक दिलासा मिळाला.

परीक्षेच्या कचेरीत चौदा नंबरच्या खोलीत एक कारकून बसायचे. जाड भिंगाचा चष्मा, समोर फायलींचा ढीग, चेहऱ्यावर जन्मभराचा कंटाळा. पाचव्या खेपेला बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या त्या उठेचनात.

"मॅडम, आता मी काय करू सांगा. उत्तरसूचीत पाच आहे. माझ्या हातात काही आहे का?"

"तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे?"

"आहे, पण त्यावर फक्त पत्रं टाईप होतात. दुसरं काही टाकायचं तर परवानगी लागते."

"राहू दे कॉम्प्युटर. फायली आहेत ना? तुम्हीच कॉम्प्युटर व्हा."

कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं.

"मी सांगते तेवढंच करायचं," बाई म्हणाल्या. आवाज आपोआप वर्गातला झाला होता. "आकडा एक. एक हा पाचपेक्षा लहान आहे का?"

"आहे."

"मग एक फाईल इकडे ठेवा आणि आकडा वाढवा. किती झाला?"

"दोन."

"लहान आहे?"

"आहे." दुसरी फाईल ठेवली. मग तिसरी. मग चौथी. शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाईंनी लिहिणं थांबवलं होतं.

"आता आकडा किती?"

"पाच." कारकुनांनी पाचवी फाईल उचलली.

"थांबा. पाच हा पाचपेक्षा लहान आहे का?"

फाईल हवेतच राहिली. कारकुनांनी तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या चार फायलींकडे बघितलं, मग ती जागेवर ठेवली. "च्यायला," ते म्हणाले, आणि लगेच, "माफ करा, मॅडम." मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं, स्वतःच्या स्वतः. पुन्हा चार. "म्हणजे ती मुलगी बरोबर आहे," ते अशा सुरात म्हणाले, जसं काही ही बातमी बाईंना तेच देत होते. उठून त्यांनी सदरा खाली ओढला आणि बाईंना घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब बिनडोक नव्हते. दोन मिनिटांत त्यांना कळलं, आणि तिथेच खरं घोडं अडलं.

"बाई, तुमचं म्हणणं मान्य. पण हजारो मुलांनी पाच लिहिलंय. त्यांनी पुस्तकात होतं तेच लिहिलं. त्यांचे तीन-तीन गुण काढून घेऊ? उद्या पालक या खोलीत मावणार नाहीत."

"काढून नका घेऊ. त्यांचा काय दोष? पण जिने बरोबर लिहिलं तिला तरी द्या."

"म्हणजे दोन्ही बरोबर धरायचं."

"दोन्ही नाही, साहेब. बरोबर एकच आहे. दुसऱ्यांना नुसते गुण द्यायचे."

"तसं कागदावर लिहिता येत नाही."

"का नाही येत?"

"कारण मग चूक झाली हेही लिहावं लागतं," साहेब म्हणाले. ते हे इतक्या सरळपणे बोलले, की बाईंना त्यांच्यावर ओरडताही येईना.

त्यानंतर आठव्या दिवशी परिपत्रक निघालं. कारकुनांनी स्वतः फोन करून वाचून दाखवलं: प्रश्न सहा आ साठी 'चार' अथवा 'पाच' यांपैकी कोणतेही उत्तर ग्राह्य धरण्यात यावे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चार अथवा पाच! अहो, अख्ख्या जगात असा एक तरी कॉम्प्युटर दाखवा, जो चार अथवा पाच म्हणतो!" कारकून शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या मुलीचे आता शहाऐंशी झाले. ते बघा आधी."

गुणपत्रिका हातात आली तेव्हा विद्यापीठाच्या दोन याद्या लागून गेल्या होत्या. तिसरीची वाट बघण्यात नर्सबाईंचं वजन दोन किलोने घटलं असं त्या स्वतःच सांगायच्या. दवाखान्यात काटा हाताशीच होता. तिसऱ्या यादीत शेवटून दुसरं नाव मुलीचं निघालं. त्या दिवशी दोघी पुन्हा शाळेत आल्या. मुलगी 'थँक्यू बाई' म्हणाली, जरा अवघडूनच. बाईही अवघडल्या. रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं हे दोघींनाही ठाऊक होतं, हे नवीन होतं. "जा आता, अभ्यास कर," बाई म्हणाल्या, आणि आपणच हे बोललो याचा त्यांना वैताग आला. काहीतरी बरं बोलायला हवं होतं.

चार महिन्यांनी ती एकटीच भेटायला आली. केस कापले होते, खांद्याला मोठी पिशवी होती. लॅबमध्ये येऊन बसली आणि कसं चाललंय विचारल्यावर तोंड वाकडं केलं.

"पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी विचारलं, शाळेत कॉम्प्युटर कुणाकुणाला होता? आम्ही सगळ्यांनी हात वर केले. ते म्हणाले, ठीक आहे, आता ते सगळं विसरा."

"विसरा?" बाईंचा आवाज चढला. "दोन वर्षं इथे एका मशीनपुढे चार-चार जण बसून शिकायचं, आम्ही एकेका पानासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे, आणि हे म्हणणार विसरा! त्यांना म्हणावं, एक दिवस या इथे आणि आवरणं घाला अकरा!"

मुलगी हसायला लागली. मग म्हणाली, "पण बाई, त्यांचं थोडं बरोबर आहे. मुलांना पाठ केलेलं सगळं आठवतं आणि समोर काय चाललंय ते दिसत नाही. मी तर काय, कुठलाही प्रोग्रॅम आला की आधी मोजतेच. पुस्तकावर माझा विश्वासच उरला नाही."

"हे चांगलं झालं की वाईट?"

"त्रास होतो," मुलगी म्हणाली. "सगळ्यांच्या मागे राहते मी. पण चुकत नाही फारशी."

ती गेल्यावर बाई आवरणं चढवत खिडकीशी आल्या. खाली मैदानात लहान वर्गाची कवायत चालली होती, आणि शिक्षक कितीही ओरडले तरी एक रांग वाकडीच होत होती.

पुढच्या सोमवारी त्या वर्गात गेल्या आणि नव्या मुलांना त्यांनी सांगून टाकलं, की आजपासून धड्याखालचं उत्तर कुणी वहीत उतरवायचं नाही. प्रोग्रॅम आधी बोटांवर चालवायचा, मग मशीनवर, मग पुस्तक उघडायचं. मशीन रिकामं नसेल तर बाकावरच्या शेजाऱ्यालाच कॉम्प्युटर करायचं. पहिल्या दिवशी असा काही गोंधळ झाला, की शेजारच्या वर्गातून इतिहासाचे सर डोकावून गेले. महिनाभरात पोरांनी पुस्तकातल्या आणखी तीन चुका काढल्या. त्यांतली एक चूक निघालीच नाही, पोरांचीच निघाली, पण ती शोधण्यात दोन तास गेले.

हेडसर आले. "बाई, पोर्शन किती मागे पडलाय तुम्हाला कल्पना आहे? बाकीच्या शाळा सातव्या धड्यावर आहेत."

"आम्ही तिसऱ्यावर आहोत."

"परीक्षेपर्यंत संपेल?"

"नाही संपणार बहुतेक," बाई म्हणाल्या. "शेवटचे दोन मी वाचून दाखवीन."

हेडसर दारात थांबले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. मागे एका बाकावर दोन मुली एकमेकींवर ओरडत होत्या, की आकडा आधी वाढवायचा की आधी छापायचा, आणि एक मुलगा भिंतीला टेकून हाताची बोटं मिटत पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

"सर, जरा बाजूला होता का?" बाई म्हणाल्या. "उजेड अडतोय त्यांचा."